एका उंचीची आसने

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. इतिहासाचा शिक्षक काहीतरी इतिहासावर लिहील, एखादा सत्याग्रह, एखादा शिलालेख, एखादे लेणे. मी मात्र आपल्या विहारातील आसनांवर लिहीत आहे. माजी विद्यार्थी या आसनांवर बसून मोठे झाले. पालक वर्षातून दोन-तीनदा तरी त्यांवर बसतात. खाकी, निळ्या, पांढऱ्या कापडाची, मध्ये नऊ गोंडे असलेली ही चौकोनी आसने कोठून आणली, असे नवे पाहुणे विचारतात. ती कोठून आणलेली नाहीत. याच शाळेतील मुलामुलींनी ती हाताने शिवली आहेत आणि त्यातला एकही टाका यंत्राचा नाही. या आसनांच्या पोटात काय आहे आणि ते तेथे का आहे, हे एकदा लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रारंभ अगदी साध्या अडचणीतून झाला. विहाराची फरशी थंडीत पहाटे बर्फासारखी लागे. जुन्या सतरंज्यांचे धागे निघाले होते. वंदनेला बसलेली लहान मुले पाच मिनिटांत चुळबुळ करू लागत आणि आम्ही शिक्षक त्यांना एकाग्रतेचा उपदेश करीत असू. स्वतः मात्र आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसत असू. एकदा मी मुलांमध्ये जमिनीवर बसलो आणि दहाव्या मिनिटाला माझीच एकाग्रता संपली. बाजारात स्पंजच्या गाद्यांचा भाव काढला. शंभरावर मुलांसाठी तो खर्च शाळेला झेपणारा नव्हता. शिलाई यंत्र शाळेत नव्हते आणि चालवणारेही कोणी नव्हते. होते ते एवढेच : वसतिगृहाच्या कोठीत वर्षानुवर्षे साठलेले, मुलांना आखूड झालेले गणवेश, आणि माझ्या घरच्या माळ्यावर पडलेले एक आसन.

ते आसन माझ्या आईने शिवले होते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा आणि त्यांच्यामागून वडील मुंबईच्या गिरणीत होते. दोघेही सूतकताईच्या खात्यात. 1982 च्या संपानंतर वडील गावी परतले ते कायमचेच. तेव्हा मी 11 वर्षांचा होतो. त्या वर्षांत घरात नवे कापड येणे थांबले आणि आईची सुई थांबेनाशी झाली. जुन्या लुगड्यांच्या, वडिलांच्या सदऱ्यांच्या ती वाकळा शिवी. वाकळ अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ती मधोमध बसे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत येई. पावसाळा संपला की पिंजारीचाचा धनुकली खांद्यावर टाकून गावात येत. आमच्या वस्तीत ते आवर्जून बसत, आमच्या घरचे पाणी मागून पीत. ज्यांच्याकडे कापसाची गादी होती त्यांची गादी उसवून, कापूस पिंजून, पुन्हा भरून देत. आमच्याकडे गादी नव्हती, पण आई त्यांच्या हाताकडे पाहत बसे. एकदा तिने विचारले, “चाचा, एवढे टाके कशाला घालता मधे?” चाचा म्हणाले, “बाई, टाका नसला तर कापूस एका कोपऱ्यात पळतो. माणूस बसतो तिथून तो उठून जातो. टाका त्याला जागेवर ठेवतो.” जाताना त्यांनी आईला एक जुने, टोक बोथटलेले दाभण दिले. ते तिने जोत्याच्या दगडावर घासून पुन्हा टोकदार केले.

मी इतिहासात एम.ए. झालो, या शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा आईने त्याच दाभणाने शिवलेले एक आसन मला दिले. “शाळेत बसायला होईल,” म्हणाली. मी ते शाळेत आणलेच नाही. नव्या नोकरीत, नव्या खोलीत, ठिगळांचे आसन मांडायला मला लाज वाटली. आज हे लिहिताना त्या लाजेची लाज वाटते, पण ते लपवून पुढचे सांगता येणार नाही. आसन माळ्यावर गेले. काही वर्षांनी आई गेली. विहाराच्या फरशीचा प्रश्न आला तेव्हा मला ते आठवले. कसे शिवले आहे हे कळावे म्हणून मी ते खाली काढले आणि एका रविवारी दुपारी, सातवी-आठवीच्या पाच-सहा मुलांसमोर, ब्लेडने एका बाजूची शिवण उसवली.

आत थर होते. वरती पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. त्याखाली आईच्या हिरव्या लुगड्याच्या घड्या. त्याखाली वडिलांच्या गिरणीतल्या खाकी कपड्याच्या पट्ट्या. आणि अगदी तळाशी, चौकोनी कापून नीट बसवलेला, गोणपाटाचा तुकडा. त्याच्या एका कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने घातलेली फुली होती. ती मी ओळखली. प्राथमिक शाळेत बसायला प्रत्येकाने घरून बस्कर आणायचे असे. माझे बस्कर धान्याच्या पोत्याचे होते आणि ते इतरांच्यात मिसळू नये म्हणून आईनेच त्यावर ती फुली घातली होती.

गोणपाट तिने आठवण म्हणून घातले, की तळ ताठ राहावा म्हणून, हे विचारायला आई नव्हती. मी शिवण तशीच उघडी ठेवली आणि आम्ही कामाला लागलो.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी रीत सविस्तर देतो. एका आसनाला 22 इंची दोन चौकोन आणि बाजूंसाठी 4 इंच रुंद, 85 इंच लांब पट्टी लागते. एवढी लांब पट्टी एका कपड्यात मिळत नाही. पँटच्या पायांचे तुकडे जोडून ती करावी. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच सोडायचा, म्हणजे तयार आसन 21 इंच लांब-रुंद आणि 3 इंच जाड होते. वरचे कापड गणवेशाच्या टेरिकॉटचे घ्यावे, ते लवकर विरत नाही. आतला माल सुती असावा, तो घाम शोषतो. सर्व कपडे धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे. बटणे, हूक, चेन आधी काढायच्या. बटणे डब्यात जपून ठेवायची, ती पुढे लागतात.

शिवण धावदोऱ्याने घालू नये. बसणाऱ्याच्या वजनाने ती उघडते. प्रत्येक टाका अर्धा मागे येऊन पुढे जाणारा, म्हणजे उलटी टीप हवी. गोधडीचा जाड दोरा दुहेरी घेऊन तो मेणावरून ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही आणि दोरा टिकतो. मेण आम्हाला विकत आणावे लागत नाही. वंदनेच्या मेणबत्त्यांची खोडके वर्षभर पुरतात. कापडाची सुलट बाजू आत ठेवून आधी पट्टी एका चौकोनाला चारी बाजूंनी जोडायची, मग दुसऱ्या चौकोनाला तीनच बाजूंनी. चौथी बाजू उघडी ठेवायची. कोपऱ्यांवर पट्टीला लहान काप द्यायचा, नाहीतर कोपरा गोळा होतो.

भरताना चिंध्यांचे बोळे कोंबायचे नाहीत. ही चूक आम्ही पहिल्या आठ आसनांत केली आणि ती आसने आठवड्यात खडबडीत झाली. गाभा वेगळा तयार करायचा : खाली ताठ थर, त्यावर कपड्यांच्या सपाट घड्या, त्यावर दोन बोटे रुंद कापलेल्या पट्ट्या सारख्या पसरून, वरती जुन्या चादरीचा किंवा कापसाचा थर. हा गाभा वाकळेसारखा मोठ्या टाक्यांनी सैलसर टाचून घ्यायचा आणि उघड्या बाजूने आत सरकवायचा. आधी दोन्ही आतले कोपरे नीट बसवायचे. एका आसनाला साधारण अडीच किलो माल जातो. मग चौथी बाजू वरून शिवून टाकायची.

आता गोंडे. खडूने नऊ खुणा करायच्या. कडेपासून 4 इंच सोडले की दोन खुणांमध्ये साडेसहा इंच येतात. वीतभर लांब दाभणात गोधडीचा दोरा चार पदरी ओवून ते खालून वर काढायचे, वर लोकरीचा किंवा सुताचा गोंडा धरायचा, पाव इंच बाजूने दाभण पुन्हा खाली न्यायचे. खाली दोऱ्यात सदऱ्याचे जुने बटण ओवायचे, म्हणजे दोरा कापड कापत नाही. वर बटण घालू नये, ते बसताना बोचते. खाली सरकगाठ मारायची, पण लगेच आवळायची नाही. सुरुवात मधल्या टाक्यापासून करायची. नऊही टाके सैल घालून झाल्यावर पुन्हा मधल्यापासून सुरू करून थोडे थोडे आवळत जायचे आणि दुसऱ्या फेरीत पक्की गाठ मारायची. एकच टाका आधी पूर्ण आवळला तर सगळे आसन त्या बाजूला ओढले जाते.

दाभण आम्ही आठवीच्या वरच्या मुलांनाच देतो. हे काम जोडीने करायचे. आसन उभे धरून एकाने इकडून दाभण घालायचे, दुसऱ्याने तिकडून ओढून परत द्यायचे. दोघांना एका आसनाला दोन रविवार लागतात. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. एकदा एक सुई कमी भरली तेव्हा प्रयोगशाळेतील लोहचुंबक आणून रात्री नऊपर्यंत सगळी आसने तपासली होती. सुई शेवटी एका मुलाच्या सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली सापडली. त्या बॅचचे विद्यार्थी आज कोठेही भेटले तरी प्रथम त्या सुईचीच आठवण काढतात.

पहिल्या रविवारी एक मुलगा म्हणाला, “सर, हे बायकांचं काम आहे.” मी त्याला पिंजारीचाचांची गोष्ट सांगितली. मग त्याला गिरणीची गोष्टही सांगावी लागली, त्याला कारण झाले एक दृश्य. एका मुलीला सुईत दोरा ओवता येईना. शेजारच्या मुलीने तिच्या हातातून दोरा घेतला, टोक ओठांत धरून ओले केले, ओवला आणि परत दिला. पहिलीने तोच दोरा पुढच्या वेळी स्वतःच्या ओठांत धरला. दोघी दोन वेगळ्या समाजांतल्या. त्यांचे लक्षही नव्हते. माझे मात्र काही क्षण कामावरून लक्ष उडाले.

मुंबईच्या गिरण्यांत सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य कामगार होते, पण विणाईच्या खात्याचे दार त्यांना बंद असे. विणाईला मजुरी अधिक. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा दोरा इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला, कारण भांडवलदाराविरुद्ध एक होणारे कामगार या एका दोऱ्यापाशी एक नव्हते. माझे आजोबा आयुष्यभर सूत कातत राहिले. त्यांनी काढलेल्या सुताचे कापड कसे विणले जाते, हे त्यांनी कधी आत जाऊन पाहिले नाही. ही गोष्ट मी त्या रविवारी मुलांना सांगितली. ऐकून झाल्यावर ती मुलगी एवढेच म्हणाली, “सर, पण थुंकी लावल्याशिवाय दोरा ओवला कसा जाणार?” यापेक्षा नेमके उत्तर मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

हे सर्व सुरळीत चालले असे मात्र नाही. दुसऱ्या वर्षी एक पालक मुलाला भेटायला आले. ते स्वतः या शाळेचे माजी विद्यार्थी, आता बँकेत अधिकारी. व्हरांड्यात मुले गाभे लावत होती आणि शेजारी गोणपाटाच्या चौकोनांची चवड होती. आईच्या आसनाप्रमाणे आम्हीही तळाला गोणपाटाचा थर घालत होतो, कारण त्याने तळ खरोखरच ताठ राहतो. त्यांनी एक चौकोन उचलला. त्यांचा चेहरा बदलला.

“सर, हे गोणपाट इथे कशाला?”

मी तळाचे कारण सांगितले.

“ते मला कळलं. पण बाबासाहेबांना शाळेत कशावर बसवलं होतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? ते आम्हाला खुर्चीपर्यंत घेऊन गेले. चिंध्या आणि गोणपाट आम्ही मागे टाकलंय. तुम्ही परत आमच्या पोरांच्या हातात देताय.”

मुले ऐकत होती. मला तत्काळ उत्तर सुचले नाही. सुचले असते तरी ते खरे ठरले नसते.

त्या रात्री मी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा वाचले. साताऱ्यातील शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी त्यात लिहिले आहे. वर्गात त्यांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. कोपऱ्यात, गोणपाटाच्या वेगळ्या तुकड्यावर बसावे लागे. शाळेची साफसफाई करणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे. म्हणून तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. मी हे अनेक वेळा शिकवले होते. त्या रात्री प्रथमच मी स्वतःला विचारले की या प्रसंगात अपमान नेमका कशात आहे? गोणपाटात आहे का? त्या काळी गरिबाघरची किती मुले तरटावर बसत असतील. अपमान त्या ‘वेगळ्या’पणात आहे. जागा दुसऱ्याने ठरवली, ती इतरांहून निराळी ठेवली, आणि तिला कोणी हात लावायचा नाही असे ठरवले, यात आहे.

मनुस्मृतीच्या 8 व्या अध्यायातील 281 वा श्लोक याच विषयावर आहे. वरच्या वर्णाच्या माणसाबरोबर एकाच आसनावर बसू पाहणाऱ्या खालच्या वर्णाच्या माणसाच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करावे, किंवा त्याच्या ढुंगणाचे मांस कापावे, असे तो सांगतो. श्लोकात या अपराधाला शब्द आहे ‘सहासन’. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हाही श्लोक होता. चिंध्यांचेही तसेच. त्याच ग्रंथाच्या 10 व्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे नेसावीत अशी आज्ञा आहे. आणि तथागतांचे भिक्षू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून त्यांचे चीवर करीत, त्याला पांसुकूल म्हणत. कापड एकच. एक लादलेले, दुसरे स्वतः निवडलेले. राजपुत्राने आणि न्हाव्याने सारख्याच चिंध्या पांघरल्या, तेव्हा त्या चिंध्यांचा अर्थ बदलला.

पण एवढ्याने त्या पालकांचा मुद्दा संपत नाही, हेही मला कळत होते. निवड ही निवडीला वाव असणाऱ्याची असते. याच महाडला स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याचा आणि नीटनेटके वस्त्र नेसण्याचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे. ज्यांच्या आजीने चिंध्याच नेसल्या, त्यांच्या नातवाला चिंधीचे तत्त्वज्ञान सांगताना शिक्षकाने जीभ सांभाळली पाहिजे. म्हणून मी त्या पालकांना पत्र लिहिले. त्यात मान्य केले की मुलांना कारण न सांगता गोणपाट हातात देणे ही माझी चूक होती. वर्गात बाक आहेत, टेबले आहेत, संगणकापुढे खुर्च्या आहेत, त्या तशाच राहतील हेही लिहिले. आसने विहारापुरती. आणि त्या दिवसापासून तीन नियम केले. कोणत्याही आसनावर कोणाचे नाव किंवा खूण असणार नाही. कोणीही आपले आसन वेगळे आणणार नाही, वेगळे नेणार नाही. विहाराबाहेर रचलेल्या थप्पीतून जे हाती येईल ते घ्यायचे. आणि पहिला चौकोन कापण्याआधी प्रत्येक नव्या तुकडीला साताऱ्याच्या त्या गोणपाटाची हकीकत सांगितली जाईल. ती ऐकून एखाद्याला गोणपाटाला हात लावावासा वाटला नाही, तर त्याने लावू नये. त्याच्या आसनात जुन्या कांबळ्याचा तुकडा जाईल.

चौथा नियम माझा नाही, एका मुलीचा आहे. पाहुण्यांसाठी आणि शिक्षकांसाठी मी चार आसने वेगळी शिवून घेतली होती, 5 इंच जाडीची. वयस्कांचे गुडघे दुखतात असे माझे समर्थन होते. नववीतल्या एका मुलीने वंदनेनंतर विचारले, “सर, तुमचं आसन आमच्यापेक्षा उंच का?” मी गुडघ्यांचे कारण दिले. ती म्हणाली, “मग ज्याचे गुडघे दुखतात त्याला द्या. तुम्ही तर कबड्डी खेळता.” सगळे हसले, मीही हसलो, आणि त्याच आठवड्यात ती चार आसने उसवली. सहासनाच्या श्लोकावर वर्गात पाऊण तास बोलणाऱ्या शिक्षकाला आपण 2 इंच वर बसलो आहोत हे दिसले नव्हते. ज्यांना खरोखर जमिनीवर बसवत नाही, त्यांच्यासाठी विहारात साध्या खुर्च्या आहेत. त्यांवर शिपाईकाकाही बसतात आणि संस्थेचे पदाधिकारीही.

पुढे पालि ग्रंथ चाळताना मला या कामाला एक जुना आधार मिळाला. चुल्लवग्गात बसण्या-झोपण्याच्या भरलेल्या गाद्यांचे पाच प्रकार भिक्षूंना अनुज्ञात आहेत : लोकरीच्या, कापडाच्या, सालीच्या, गवताच्या आणि पानांच्या. कापडाच्या चिंध्या भरलेल्या गादीला तेथे चोळभिसि म्हटले आहे. म्हणजे आपल्या विहारातील आसनांना अडीच हजार वर्षांपूर्वीचे नाव आहे. विनयात आणखी एक नियम आहे. भिक्षूने बसण्याचे नवे आसन करवून घेतले, तर त्यात जुन्या आसनाचा वीतभर तुकडा घातलाच पाहिजे, नव्याचे रूप थोडे मोडावे म्हणून. टाकून दिलेली जुनी आसने इकडेतिकडे पडलेली पाहिल्यावर हा नियम घातला गेला. नव्याचा गर्व होऊ नये आणि जुने वाऱ्यावर सुटू नये, अशी दोन्ही कामे तो करतो.

हा नियम वाचला तेव्हा आईच्या आसनाचा तळ डोळ्यांसमोर आला. आईला अक्षरओळख नव्हती. विनयपिटक हा शब्दही तिने ऐकला नसेल. तरी माझ्या पहिल्या नोकरीच्या नव्या आसनात तिने माझे जुने बस्कर घातले होते, निळ्या फुलीसकट. मी ते विसरू नये म्हणून, की माझा डौल मोडावा म्हणून, की निव्वळ तळ ताठ राहावा म्हणून? मला आता वाटते, हा प्रश्नच फारसा महत्त्वाचा नाही. तिने ते तळाशी ठेवले, बसणाऱ्याच्या आणि जमिनीच्या मध्ये. ज्यावर मला बसावे लागले होते, ते तिने आसनाचा आधार करून ठेवले. मीच ते माळ्यावर टाकले होते.

आईचे आसन मी पुन्हा शिवले. ती उसवलेली एक बाजू माझ्या टाक्यांची आहे, ते टाके तिच्याइतके सारखे नाहीत. आता ते विहारातल्या थप्पीत इतर आसनांबरोबर असते. त्यावर नाव नाही. कधी पाचवीतला मुलगा त्यावर बसतो, कधी एखादी पालक आई.

ते बँक अधिकारी पालक दरवर्षी धुतलेल्या सुती कपड्यांचे एक गाठोडे शाळेत पोचते करतात. त्यात गोणपाट नसते. गोणपाटाबाबत त्यांचे आणि माझे अजूनही एकमत नाही, आणि त्यांचा मुलगा कांबळ्याचा तळ असलेली आसने शिवतो. थप्पीत ठेवल्यावर कोणत्या आसनात काय आहे हे त्यालाही ओळखता येत नाही आणि मलाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आसनांचे टाके वर्षभरात सैल होतात. दरवर्षी वीस-पंचवीस आसने पुन्हा आवळावी लागतात, पाच-सहा नव्याने करावी लागतात. मेळाव्याला याल तेव्हा घरातील एखादा जुना, धुतलेला सुती कपडा घेऊन या. वडिलांचा सदरा, आईचे पातळ, तुमच्या मुलाचे झबले, काहीही चालेल. दाभण आणि मेण लावलेला दोरा व्हरांड्यात तयार असेल. एका बाजूने तुम्ही दाभण घाला, दुसऱ्या बाजूने एखादा पाचवीतला नव्हे, आठवीतला मुलगा ते ओढून परत देईल. सुया मात्र मोजून परत करायच्या.